खिळ्यावरची पत्रिका

तळेगाव ढमढेरेच्या चौकातली जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि जीप भरली असं आमच्या भैरू ड्रायव्हरला कधी वाटतच नाही. त्या दिवशी मधल्या सीटवर आम्ही चार बायका होतो. पाचवा आला तो मांडीवर भलंमोठं खोकं घेऊन. उंच मुलगा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, राहू गावावरून येताना केसांवर बसलेली धूळ तशीच. खोक्याचा एक कोपरा सरळ माझ्या गुडघ्यावर.

"जरा सांभाळून हं, नाजूक आहे," तो म्हणाला.

"गुडघा पण नाजूकच आहे," मी म्हणाले.

तो गडबडला. खोकं उचलून त्यानं छातीशी धरलं, त्यामुळं त्याचं तोंडच दिसेना. पुढचं सगळं बोलणं खोक्याच्या मागून आलं.

"कुठं उतरायचं, पावनं?" भैरूनं विचारलं.

"साखर कारखाना. मेन ऑफिस."

"नवीन सायब का?"

"साहेब कसला... पुण्याच्या कंपनीतून आलोय. मूळचा यवतचा. तुमच्या कारखान्यात ऊसतोडणीचा प्रोग्रॅम आहे ना कॉम्प्युटरवर, पंधरा वर्षांपूर्वीचा? तो बंद करायचाय. सगळं वेबवर आणायचंय."

माझ्या शेजारच्या आजीला राहवलं नाही. "बिघडलाय व्हय तो?"

"बिघडला नाही आजी. पण म्हातारा झालाय."

"म्हाताऱ्यांना बंद करायला लागलात म्हंजी..." आजीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "भैरू, मला हितंच उतरव बाबा."

सगळी जीप हसली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. हसावं की रडावं, तेच मला कळत नव्हतं.

कारखान्याच्या गेटवर आम्ही दोघंच उतरलो. खोकं त्याला एकट्याला झेपेना. मी न बोलता दुसरी बाजू धरली. बगीच्याला वळसा घातला, शेतकी खात्याचा जिना चढलो, आणि व्हरांड्याच्या टोकाला एका बंद दारापुढं मी थांबले.

"तुम्ही पण इकडंच?" त्यानं विचारलं. "कुठल्या खात्यात?"

मी पर्समधून किल्ली काढून कुलपाला लावली.

"त्या म्हाताऱ्याकडं बघायला असते मी."

खोकं खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

•

सन २००४ चा ऑगस्ट होता. त्याचं नाव स्वराज दोरगे. माझं गौतमी ओहोळ. कॉम्प्युटर ऑपरेटर, सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर. डिसेंबरअखेर ती ऑर्डर संपणार होती.

कुणाचा ऊस कधी तोडायचा हे आमच्याकडं माणूस ठरवत नसे. लागणीची तारीख, उसाची जात, रान कुठल्या गटात, रस्ता कसा, एवढं सगळं बघून तो प्रोग्रॅम ठरवायचा आणि यादी काढायचा. तारखेवरून कुणी भांडायला आलं की शेतकी अधिकारी हौसराव आप्पा म्हणायचे, "माझ्याशी भांडू नका, आत मशिनीशी भांडा." आणि आत मी असायचे. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं दाखवून मी माणसाला समजावायचे, आणि समजलं नाही तर चहा पाजायचे.

प्रोग्रॅम लिहिला होता हरिबा मामांनी, कोबॉल भाषेत. मी त्यांच्या हाताखाली शिकले. मामा निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले. जाताना त्यांनी कुठलंही पुस्तक, कुठलाही कागद मागं ठेवला नाही. जे होतं ते प्रोग्रॅममध्ये आणि माझ्या डोक्यात.

आणि एक खिळा.

मामांच्या खुर्चीमागं भिंतीत चांगला बोटभर लांब खिळा होता, आणि त्याला लग्नाच्या पत्रिका टोचलेल्या असायच्या. त्याची गोष्ट अशी. मामांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात दारापुढच्या रानात ऊस उभाच होता. तोडीची तारीख आली नव्हती. मग मांडव रस्त्यावर घातला, आणि भर पंगतीत एसटी आली. पत्रावळ्या हातात धरून पाहुणे उठले, एसटी गेली, परत बसले. त्या हंगामात मामांनी प्रोग्रॅममध्ये एक अक्षर घातलं. एल. मुलीचं लग्न ठरलेलं असेल आणि घराला लागून उसाचं रान असेल, तर नावापुढं एल टाकायचा आणि लग्नाची तारीख. मग प्रोग्रॅम ते रान निदान पंधरा दिवस आधी मोकळं करून द्यायचा, म्हणजे खोडकी काढून, जमीन सारखी करून मांडव घालता यायचा.

आप्पांचा त्यावर एकच नियम होता. "पत्रिका खिळ्याला लागल्याबिगर एल लावायचा न्हाई. न्हाईतर सगळ्या तालुक्याची लग्नं एकाच महिन्यात निघत्याल."

•

स्वराज रोज यवतहून मोटारसायकलवर येऊ लागला. माझ्या शेजारी त्याचं टेबल, वर खोक्यातला नवा कॉम्प्युटर. तो विचारायचा, मी सांगायचे, तो वहीत लिहायचा.

"आडसाली उसाला आधी तारीख देता, कारण तो—"

"अठरा महिन्यांचा होतो. कारण—"

"मॅडम, मी यवतचा आहे. मला ऊस शिकवू नका."

"मग कोबॉल शिकवू?"

"ते शिकवा. ते खरंच येत नाही मला."

त्यानं हे इतकं सरळ सांगितलं की मला पुढचा टोमणाच सापडेना.

दुपारी तो डबा घेऊन माझ्याच टेबलाशी बसायचा. पहिल्या दिवशी त्यानं न विचारता माझ्या डब्यातलं वांगं उचललं आणि भाकरीवर घेतलं. आमच्या घरचं आहे म्हणून 'आज उपास आहे' असं सांगणारी माणसं मी त्याच ऑफिसात बघितली होती. मी त्याच्या हाताकडं बघत राहिले.

"काय झालं? शेवटचं होतं का?"

"नाही... घ्या ना."

"उद्या दोन जास्त आणा. तुमच्या आईंना सांगा, यवतचा पाहुणा म्हणतोय."

तो पाहुणा होता की घर पाडायला आलेला माणूस? मी सांगेन तो एकेक नियम त्याच्या वहीत जात होता, आणि वही भरली की माझं इथं काम उरणार नव्हतं. तरी मला सांगायला आवडत होतं. सकाळी मोटारसायकलचा आवाज आला की मी खिडकीकडं न बघण्याचं काम मन लावून करायचे.

एकदा त्याची नजर खिळ्यावर गेली. "एवढ्या पत्रिका! केवढ्या ओळखी तुमच्या."

"बोलावतात लोक."

त्यानं पत्रिका एकेक करून चाळल्या. मग माझ्याकडं न बघता, अगदी सहज विचारल्यासारखं... "यात तुमची कुठली?"

"माझी असती तर मी इथं तुम्हाला कोबॉल शिकवत बसले असते?"

"तेही खरंच," तो म्हणाला, आणि दिवसभर शीळ वाजवत बसला. शीळ कशाची, ते मला कळलं नाही. म्हणजे कळलं असं वाटलं, आणि मग नाही वाटलं.

•

सप्टेंबरच्या एका दुपारी प्रिंटरमधून तोडणीची यादी काढायला गेले, तर वर त्याच्या कंपनीचा एक अहवाल पडलेला. वाचायचा नव्हता. पण एक ओळ डोळ्यांत घुसली. 'नवीन प्रणाली सुरू झाल्यानंतर स्वतंत्र ऑपरेटरची गरज राहणार नाही.' खाली सही. स्वराज दोरगे.

कागद तिथंच ठेवून मी जागेवर येऊन बसले. पडद्यावरची हिरवी अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती.

नेमका तेव्हाच तो वही घेऊन आला. "शेवटचंच राहिलंय. हा एल काय आहे? एक सगळा नियम आहे त्याच्यावर. आणि तारीखही मागतो हा."

मी त्याच्याकडं बघितलं. बोटाला शाई लागलेली, डोळ्यांत विश्वास.

"जुनं आहे काहीतरी," मी म्हणाले. "आता नाही वापरत."

"नक्की? म्हणजे काढून टाकू?"

"टाका."

त्यानं वहीत त्या ओळीवर रेघ मारली. एकदाही उलटून विचारलं नाही. मला वाटलं होतं की आता बरं वाटेल. एक तरी गोष्ट माझ्याजवळ राहिली, नवीन वेबचं पान अडेल, मग माझ्याकडंच यावं लागेल... पण वहीतली ती रेघ डोळ्यांपुढून हलेना.

ऑक्टोबरच्या अखेरीला कारखाना सुरू झाला. बॉयलर पेटला की चिमणीतून काजळी उडते, वाळलेल्या कपड्यांवर, चहात, सगळीकडं. मोळी टाकायच्या कार्यक्रमात मी पांढरी ओढणी घेऊन गेले, नेहमीसारखी विसरून. गर्दीत स्वराज शेजारी येऊन उभा राहिला.

"गालावर," तो म्हणाला.

"काय?"

"काजळी." त्यानं खिशातून रुमाल काढला, हात अर्ध्यात आला... आणि थांबला. रुमाल माझ्या हातात देऊन तो एकदम चिमणीकडं बघायला लागला, जणू तिथं काही लिहिलेलं होतं.

मी गाल पुसला. "मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणाले.

"मला पण."

"तुम्ही आधी."

"नाही, तुम्ही आधी."

इतक्यात कारखान्याचा भोंगा झाला. पहिली मोळी गव्हाणीत पडली, टाळ्या, हलगी, पेढे. त्या सगळ्यात आमची दोन वाक्यं कुठं गेली कोण जाणे. रुमाल मी घरी नेला, धुतला, इस्त्री केली आणि पर्समध्ये ठेवला. परत द्यायला. पण तो पर्समध्येच राहिला. देऊन टाकला तर विषय संपेल, न दिला तर चोरी होईल, अशा विचारात मी पर्सची चेन उघडायचे आणि लावायचे.

•

हंगामाची पुढची यादी नव्या वेबच्या पानावरून निघाली. गटांच्या ऑफिसांत लोकांनी पडद्यावर आपापल्या तारखा बघितल्या आणि खूष झाले. तिसऱ्या दिवशी निमोण्याच्या सोजराबाई आल्या. हातात पिशवी, पायात चिखल, श्वास चढलेला.

"आप्पा, ही काय तारीख म्हनायची का काय? माझ्या सविताचं लगीन पाच डिसेंबरला, आन् ऊस तोडायचा बारा जानेवारीला? दारात ऊस उभा हाय माणूसभर उंच! मांडव काय उसाच्या शेंड्यावर घालू?"

"पत्रिका दिलती का?" आप्पांनी विचारलं.

"ह्या पोरीच्या हातात दिली की! बगा, ती काय टांगलीय खिळ्याला!"

खरंच टांगलेली होती. वरून दुसरी. मी स्वतः टांगली होती, आणि तेव्हाही गप्प बसले होते.

आप्पांनी स्वराजला बोलावलं. त्यांचा आवाज व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेला असणार. "हे तुमचं वेब का फेब! एल आल्यापास्नं आमच्याकडं एक मांडव अडला न्हाई. तुमच्या कंपनीला सांगा, गाशा गुंडाळा. आजच पत्र टाकतो मी पुण्याला."

स्वराज पांढरा पडला. त्यानं वही उघडली, पानं मागं नेली, रेघ मारलेल्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. माझं नाव घेतलं असतं तर सुटला असता. नाही घेतलं.

"माझ्याकडून राहिलं आप्पा," तो म्हणाला. "चूक माझी."

मी खुर्चीवरून उठले.

"त्यांची नाही," मी म्हणाले. "त्यांनी विचारलं होतं. मीच खोटं सांगितलं."

सोजराबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"का गं पोरी?" आप्पांचा आवाज उतरला होता, तो जास्त लागला.

"ऑपरेटरची गरज राहणार नाही असं लिहिलंय यांनी. मी वाचलं. मला वाटलं, एक तरी माझ्याकडं ठेवावं..." मी कीबोर्ड पुढं ओढला. "आज जुन्या प्रोग्रॅमवर यादी काढते. सोजरामावशींचं रान वेळेत मोकळं होईल. मग मला काढलंत तरी चालेल."

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "काढायचं का ठिवायचं ते हंगाम सरल्यावर बघू. आधी यादी काढा. दोघांनी मिळून. आन् तोंडं बंद ठिवून."

तोंडं खरंच बंद राहिली. यादी निघाली. सोजराबाईंच्या नावापुढं मी एल टाकला, पाच डिसेंबर लिहिलं. जुन्या प्रोग्रॅमनं क्षणभर विचार केला आणि अठरा नोव्हेंबर दिली.

"मी तुमच्या शब्दावर ती ओळ काढली होती," स्वराज एवढंच म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

पुढचे पंधरा दिवस तो डबा खिडकीशी बसून खात होता. मी दोन वांगी जास्त आणत होते आणि परत नेत होते.

•

सविताच्या लग्नाला सगळं शेतकी खातं गेलं. मीही गेले, निळी साडी नेसून. ऊस होता तिथं आता मोकळं रान होतं. पाणी मारून चोपलेली जमीन, वर मांडव, आणि कडेला राहिलेली खोडकी साडीच्या काठाला ओढत होती. बायकांच्या पंगतीत मी बसले, आणि बुंदीची परात घेऊन आला तो स्वराज. कुणीतरी त्याला वाढायला जुंपलं होतं.

"वाढू?"

"बास."

"बास कशाला? तुमच्या एका अक्षरावर चारशे माणसं जेवतायत."

मी मान वर केली. तो हसत होता का? डोळे हसत होते, तोंड नव्हतं.

"माझ्या नाही, मामांच्या," मी म्हणाले.

"मी तो प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. तरी हे रान मला त्यात दिसलं नव्हतं." त्यानं माझ्या ताटात बुंदीचा ढीग केला. "आणि तो अहवाल... मी इथं यायच्या आधीचा आहे, त्या दिवशी फक्त त्याची प्रत छापली होती. कंपनीचा ठरलेला मजकूर असतो, कारखान्याचं नाव घालायचं आणि सही करायची. तेव्हा ऑपरेटर म्हणजे माझ्यासाठी नुसता एक शब्द होता."

"आणि आता?"

"आता..." परात त्याच्या हातात तिरकी झाली. "आता पुढच्या पंगतीला वाढायचंय."

आणि तो गेला. असा गेला की पलीकडच्या सहा बायकांना बुंदी वाढायची राहिलीच. त्या माझ्याकडं बघायला लागल्या, मी बुंदीकडं.

पुढच्या आठवड्यात त्यानं आप्पांच्या टेबलावर नवीन कागद ठेवला. सगळं परत लिहिण्याचा बेत रद्द. "जुना प्रोग्रॅम आहे तसाच राहू दे," तो समजावत होता. "वेबचं पान फक्त त्याला विचारेल. नाव, गट, एल, तारीख. तो आत हिशेब करेल आणि सांगेल ते उत्तर पानावर दिसेल. शिरूरच्या सायबर कॅफेतून बघा नाहीतर निमोण्यातून, उत्तर मामांचंच."

आप्पा विचारात पडले. "म्हंजी दार नवं आन् घर जुनंच?"

"तसंच."

"आन् घरात कोण ऱ्हानार? उंद्या त्यात काय बिघडलं तर?"

"ज्यांना घर माहिती आहे, त्या," स्वराज म्हणाला. कागदात खाली लिहिलंच होतं त्यानं. जुन्या प्रोग्रॅमसाठी कायमस्वरूपी एक जागा आवश्यक.

जानेवारीत माझ्या हातात कायमची ऑर्डर पडली. आमच्या आबांनी, माझ्या वडिलांनी, ती घडी घालून बाबासाहेबांच्या फोटोच्या फ्रेममागं ठेवली. मला आनंद झाला होता, आणि तरी एक काटा टोचत होता. दया आली असेल का त्याला माझी? शेवटी मी विचारलंच.

"ते तुम्ही माझ्यासाठी केलंत?"

"नाही," तो लगेच म्हणाला. "पंधरा वर्षं माणसं येऊन भांडली, मामांनी एकेक चूक सुधारली. ते सगळं मी सहा आठवड्यांत कुठून आणू? ते ठेवणंच शहाणपणाचं होतं."

"हो ना," मी म्हणाले. मला बरं वाटलं. आणि थोडं वाईटही वाटलं, की त्यानं जरा तरी खोटं बोलायला काय हरकत होती.

•

त्या वर्षी ऊस कमी. मार्चमध्येच भोंगा शेवटचा वाजला, चिमणी थंड झाली आणि काजळी पडायची थांबली. हंगाम संपला की खिळ्यावरच्या पत्रिका काढून ठेवायच्या असतात. मी त्या काढल्या. रिकामा खिळा भिंतीवर उघडा-उघडा दिसत होता. स्वराजचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी तो पुण्याला जाणार होता, नवीन काम, नवीन गाव.

मी पर्समधून रुमाल काढून टेबलावर ठेवला. "हा तुमचा. चार महिने झाले."

"पाच," तो म्हणाला. "मी मोजत होतो." रुमाल त्यानं घेतला नाही. "मी जाण्याआधी पुढच्या हंगामाचं पान एकदा तपासून बघा. मी एक नोंद भरलीय. पण तुमचा म्हातारा ऐकत नाही."

मी त्याच्या खुर्चीवर बसले. पानावर नोंद होती. नाव: स्वराज दोरगे. गाव: यवत. घरात लग्न: हो. तारीख रिकामी. खाली जुन्या प्रोग्रॅमचं उत्तर, लाल अक्षरात. 'तारीख नाही.'

मी परत वाचलं. मग परत. कानशिलं गरम झाली.

"ही... तपासणीची नोंद आहे?"

"तुम्ही म्हणाल तशी."

"तारीख का नाही टाकली?"

"माझ्या एकट्याच्या हातात असती तर केव्हाच टाकली असती." मागं उभं राहून तो खुर्चीची पाठ धरून होता. "मोळीच्या दिवशी हेच सांगायचं होतं. मग तुमचा राग आला. मग राग गेला... राग जाऊन जे राहिलं ते हे."

किती सरळ होतं, आणि माझ्या डोक्यात केवढा गुंता. "स्वराज, आमच्यात लग्न कसं लागतं माहितीय तुम्हाला? पांढरे कपडे. त्रिशरण, पंचशील. अक्षता नाहीत, फुलं. तुमच्या घरी कोण उभं राहील?"

"आईला सांगितलं. ती म्हणाली, आधी त्या पोरीला विचारलंस का, का नुसतं मला भंडावतोस?" तो जरासा हसला. "दादा बोलत नाहीत सध्या माझ्याशी. वडील. त्यांना वेळ लागेल. बाकीच्या भावकीला त्याहून जास्त. खोटं कशाला सांगू?"

आमच्या आबांनाही वेळ लागणार होता, हे मला ठाऊक होतं. मोठ्या शेतकऱ्याच्या घरात लेक द्यायची म्हणजे रात्रंदिवस घोर, असंच त्यांना वाटणार. मला भीती वाटत होती. आनंद होत होता. नेमकं काय होत होतं ते आजही सांगता येणार नाही. पण पडद्यावरच्या नोंदीत एक चूक होती, आणि चूक दिसली की माझे हात आपोआप पुढं जातात.

"तुम्ही नियम चुकवलाय," मी म्हणाले.

"कुठं?"

"मांडव मुलीकडं असतो. रान मुलीकडचं मोकळं करायचं असतं. यवतचं रान घेऊन काय करू मी?"

मी त्याचं नाव खोडलं. यवत खोडलं. एकेक अक्षर दाबत आबांचं नाव लिहिलं. कोंडिबा ओहोळ, तळेगाव ढमढेरे, तीस गुंठे, घरालगत.

तो पडद्याकडं वाकला.

"तारीख?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"अठरा डिसेंबर."

"इतकी लांब? नऊ महिने?"

"तुमच्या दादांना पटायला चार, आमच्या आबांना चार. एक महिना आपल्याला भांडायला."

बाहेर व्हरांड्यात आप्पांच्या चपलांचा आवाज येत होता. पत्रिका खिळ्याला लागल्याशिवाय एल लावायचा नाही, हा नियम मी पाच वर्षांत एकदाही मोडला नव्हता. मी मान वळवून खिळ्याकडं बघितलं. तो रिकामाच होता.

मी एल दाबला.

मामांच्या प्रोग्रॅमनं नेहमीसारखा क्षणभर विचार केला. आणि नव्या पानावर, निळ्या अक्षरात, रान मोकळं करायची तारीख आली.